घर घेणारीच्या बाजूने

कॅल्डर, ओहायो
९ मार्च

रॉयस,

तुझं फेब्रुवारीचं पत्र मिळालं. दात पडला असं लिहितोस, पण पाडला कुणी ते लिहीत नाहीस. जिन्यावरून घसरलास म्हणे. हे वाक्य मी स्वतः नऊ वर्षं दवाखान्यात सांगत होते, तेव्हा माझ्यापुढे तरी ते चालवू नकोस.

बातमी अशी की मी घर घेतेय. हसू नकोस. आईची जागा इतक्या वर्षांनी एकदाची विकली गेली, शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी कायम झाली आणि बँक हो म्हणाली. आपलं सगळं प्रुइट घराणं ट्रेलरमध्ये राहिलं, चाकं नसलेलं घर घेणारी मी पहिलीच असेन.

घाई का ते तुला ठाऊक आहे. ड्वेन दोन एप्रिलला सुटतोय. माझा जबडा मोडल्याबद्दल त्याला अकरा महिने, आणि त्याचा डोळा फोडल्याबद्दल तुला सहा वर्षं. कोर्टाचा हिशोब मला कधी कळला नाही. लॉण्ड्रीवरची ही खोली त्याला माहीत आहे. याच जिन्यावरून त्याने मला केसांना धरून खाली नेलं होतं, सतरा पायऱ्या, मी मोजल्या होत्या, कारण मोजत राहिलं की ओरडायला होत नाही. थंडी पडली की जबडा अजून ठणकतो. कोर्टाने त्याला माझ्या जवळ यायला बंदी केली आहे, पण तो कागद दाराला लावून दार काही बंद होत नाही. मला असं घर हवं की जे त्याला सापडणार नाही. मोठं नको, सुंदर नको. सापडायला नको, एवढंच.

आता एजंट निवडायचा आहे. दोघींची नावं मिळाली आहेत. एक जॅनेल. तिचा फोटो गावातल्या प्रत्येक बसथांब्याच्या बाकावर आहे, लोक दिवसभर तिच्या दातांवर बसतात. दुसरी हेस्टर ओडम, तिचं नाव आश्रयगृहातल्या बाईंनी दिलं. सत्तरीची आहे आणि फोन उचलल्यावर "बोला" याखेरीज काही म्हणत नाही. दोघींना भेटते आणि कळवते.

ज्युनी सात वर्षांची झाली. अजून माझ्याच अंथरुणात झोपते.

ट्विला


विलो क्रीक तुरुंग
१७ मार्च

ट्विल,

दात एका टेक्सासवाल्याने पाडला. त्याचे दोन पडले, म्हणजे मी पुढे आहे. झालं समाधान?

घराचं ऐकून बरं वाटलं. आता मोठ्या भावाचं ऐक. मी घर घेतलेलं नाही, पण माणूस कुणाचा आहे हे न विचारता त्याच्याशी बोललं की काय होतं ते मी इथे रोज बघतो.

आमच्या बराकीत एक जण होता, सगळे त्याला डाक्या म्हणायचे. इकडच्या टोळीच्या चिठ्ठ्या तिकडे, तिकडच्या इकडे. दोघांशी गोड. दोघांनाही वाटायचं, हा आपला. मागच्या मंगळवारी दोन्ही बाजूंच्या लक्षात आलं की आपलं गुपित दुसऱ्याला कळतंय. किटलीत साखर घालून पाणी उकळलं आणि ते त्याच्या तोंडावर ओतलं. नुसतं पाणी ओघळून जातं, साखरेचं चिकटून राहतं. त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि चेहरा टॉवेलात आला. मी तीन हातांवर होतो. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि मला त्याची दया आली नाही, कारण त्याच्यापायी दोन माणसं भोसकली गेली होती.

तर त्या बायकांना पहिला प्रश्न हाच विचार, की बाई, तू कुणाची? माझी की घर विकणाऱ्याची? जी "दोघांची" म्हणेल तिच्याकडे पाठ फिरव.

माझी लवकर सुटकेची सुनावणी ऑगस्टमध्ये आहे. वागणूक चांगली आहे, दात सोडला तर. एक खोली माझ्यासाठी ठेव, उजेडाची बघ. ड्वेन आलाच तर दार उघडायला मी हवा. पोर्चवर मी त्याला लोखंडी पहारीने झोडला तेव्हा खिडकीतून ज्युनी टाळ्या वाजवत होती, ते मी इथे रोज रात्री आठवतो. त्यावर तर इथले दिवस काढतो. तिला सांग, मामा येतोय.

रॉयस


कॅल्डर
३० मार्च

रॉयस,

तुझी डाक्याची गोष्ट मी शाळेत जेवायच्या सुट्टीत वाचली. पुढचं जेवण तसंच टाकलं. असलं लिहीत जाऊ नकोस.

आधी ओडमबाईंना भेटले. जुन्या पिकअपमधून आल्या. बूट चिखलाचे. गाडीत कुत्र्याचे केस इतके की उतरल्यावर मीच भुंकेन असं वाटलं. एजंट व्हायच्या आधी बावीस वर्षं त्या काउंटीची मोकाट कुत्री धरायच्या. मला एका घरी नेलं. स्वयंपाकघर दाखवलं नाही, बाग दाखवली नाही, सरळ मागच्या दाराशी गेल्या आणि दाराला लाथ घातली. चौकट फाटली.

"हे नाही," म्हणाल्या. "चला."

"अहो, दुसऱ्याचं घर आहे," मी म्हटलं.

"चौकटीचे पैसे मी भरेन. तुमच्या नवऱ्याने लाथ घालण्याआधी मी घातलेली बरी."

मी त्यांना नवऱ्याबद्दल अक्षर बोलले नव्हते. म्हणाल्या, "घर बघायला आलेली बाई आधी स्वयंपाकघर बघते. तुम्ही आधी पळायला वाट कुठून आहे ते बघितलंत."

मग पुढे एक कागद ठेवला. सही केली की सहा महिने त्या माझ्या आणि मी त्यांची, दुसऱ्या एजंटकडे जायचं नाही. विकणाऱ्याला माझं नावसुद्धा अगदी शेवटी, कायद्याला लागेल तेव्हाच कळेल. ऐकायला ठीक होतं, पण माझा हात पुढे जाईना. मी आयुष्यात "मी तुमची" अशी सही एकदाच केली आहे, आणि पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. विचार करून सांगते म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मला लॉण्ड्रीशी सोडलं.

मग रविवारी मेपल रस्त्यावर एक घर सगळ्यांना बघायला उघडं ठेवलं होतं, तिथे गेले. रॉयस, ते घर. पांढरं, बुटकं, मागे शेतं, रस्त्यावरून दिसत नाही. आत बिस्किटं भाजल्याचा वास. दारात बाकावरची जॅनेल, जशीच्या तशी, दातांसकट. तिने ज्युनीला बिस्किट दिलं आणि मला विचारलं, "कशा आहात?" बस, एवढंच. मला कुणी ते इतक्या हळू विचारलं नव्हतं. मी त्या परक्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि सगळं सांगितलं. ड्वेन, जबडा, सुटकेची तारीख, सगळं. तिने माझा हात धरून ठेवला.

तुझा प्रश्न मी विचारला बरं का. ती म्हणाली, "मी तुमच्यासाठीच आहे. दुसरा एजंट कशाला मधे? मी दोन्हीकडचं बघते, काम पटकन होतं." आणि सहीबिही काही नको म्हणाली.

तू पाठ फिरव म्हणशील. पण तू तिचा आवाज ऐकला नाहीस. मी जॅनेलबरोबर जातेय.

ट्विला


विलो क्रीक
६ एप्रिल

ट्विल, गाढवे,

हे पत्र कधी निघेल माहीत नाही. सगळ्यांना कोठड्यांत कोंडलंय, टपाल बंद. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढच्या माणसाच्या मानेत कुणीतरी घासलेला टूथब्रश खुपसला. तो माझ्या अंगावर पडला. माझा शर्ट त्याच्या रक्ताने भिजला म्हणून मला दोन दिवस प्रश्न विचारले. तो मेला. ताटातलं मक्याचं भरीत खाली सांडलं नव्हतं, तेवढंच मला सारखं दिसतं.

आता नीट वाच. इथे लायब्ररीत एक जण आहे, बाहेर असताना घरं विकायचा. म्हाताऱ्यांच्या खोट्या सह्या करून विकली म्हणून आत आला, पण धंदा त्याला पाठ आहे. तुझं पत्र त्याला दाखवलं. तो म्हणाला, ती जॅनेल त्या घराच्या मालकाची एजंट आहे. मालकाने तिला घर विकायला ठेवलंय, म्हणून तर ती दारात बिस्किटं घेऊन उभी होती. तू तिला जे सांगितलंस ते मालकाला सांगणं हे तिचं काम आहे. ती वाईट आहे म्हणून नाही, तिची नोकरीच ती आहे. रविवारी उघड्या घरात येणारी निम्मी माणसं हीच चूक करतात, असं तो हसत हसत सांगत होता. मी त्याला हसणं थांबवायला लावलं.

आजच त्या म्हातारीकडे जा आणि तिच्या कागदावर सही कर. तिने विचारल्याशिवाय ओळखलं आणि दाराला लाथ घातली, आणखी काय पाहिजे तुला? जॅनेलला पुढे एक शब्द सांगू नकोस.

रॉयस


कॅल्डर
१९ एप्रिल

रॉयस,

तुझं पत्र नाही. बातम्यांत तुमच्या तुरुंगाचं नाव ऐकलं. कुणीतरी मेलं एवढंच सांगितलं, नाव सांगितलं नाही. फोन केला तर म्हणाले, नातेवाइकांना कळवलंय. मला कळवलं नाही, म्हणजे तू आहेस असं धरून चालते.

इकडे घर मिळाल्यातच जमा आहे. त्या पांढऱ्या घराला आणखी दोन गिऱ्हाइकं होती. जॅनेल म्हणाली, मालकांना एक पत्र लिहा, मनापासून, तुम्ही कोण, घर का आवडलं, आणि मायलेकींचा फोटो जोडा. इथे सगळे लिहितात म्हणे, मालक पत्र वाचूनच ठरवतात. मी दोन पानं लिहिली. ज्युनीचा शाळेतला फोटो लावला. मालक म्हणजे टॅगर्ट नावाचं म्हातारं जोडपं, मुलाकडे राहायला चाललंय. टॅगर्टबाई पत्र वाचून रडल्या आणि घर मलाच द्यायचं म्हणाल्या.

आणखी ऐक. त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी असते. कुणी संकटात असलं की एक बाई पाच जणींना फोन करते, त्या पाच जणी आणखी पाच जणींना, आणि संध्याकाळपर्यंत सगळी काउंटी त्या एका माणसासाठी प्रार्थना करत असते. टॅगर्टबाईंनी माझं नाव घातलं. मेपल रस्त्यावर राहायला येणाऱ्या ट्विलासाठी आणि तिच्या मुलीसाठी, देव त्यांना त्या नवऱ्यापासून सांभाळो. माझ्यासाठी आजवर इतक्या माणसांनी तोंड उघडलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

सत्तावीस तारखेला घर तपासणारा माणूस येणार आहे, छप्पर, पाइप, वायरी बघायला. मीही जाणार. ज्युनीने तिची खोली ठरवून टाकली आहे. ड्वेन सुटल्यापासून आम्ही दोघी आश्रयगृहातच झोपतोय.

जिवंत असशील तर लिही.

ट्विला


काउंटी हॉस्पिटल
११ मे

रॉयस,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. सावकाश लिहिते, पण सगळं लिहिते.

सत्तावीसला सकाळी दहा वाजता आम्ही त्या घरात होतो. तपासणारा बॉइड नावाचा साठीचा माणूस छपरावर होता. जॅनेल आणि मी स्वयंपाकघरात. ज्युनी मागच्या अंगणात, मधे सरकतं काचेचं दार. पुढचं दार एकदाच वाजलं आणि आत आलं. म्हणजे दारच आत आलं. ड्वेनच्या हातात कुंपणाचे खांब ठोकायचा घण होता. एक डोळा मिटलेला, दुसऱ्याने मला शोधत होता. जॅनेल मागच्या दाराने पळाली आणि जाताना तिने ते काचेचं दार ओढून घेतलं. ज्युनी बाहेर राहिली, ते एक बरं झालं.

तो ओरडला नाही. त्याने मला ओट्यापाशी ओढलं, माझा उजवा हात ओट्यावर पसरला आणि कोपराने दाबून धरला. म्हणाला, "याच हाताने सही करणार होतीस ना?" मग घण मारला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मला दुखलं नाही, फक्त ओटा फुटल्याचा आवाज आला. दोन बोटं गेली, तिसरं डॉक्टरांनी नंतर काढलं.

बॉइड शिडीवरून उतरून आत आला. त्या माणसाचा माझ्याशी काय संबंध, रॉयस? तो पाइप बघायला आला होता. त्याने हातातली मोठी बॅटरी ड्वेनच्या कानशिलात मारली. ड्वेनने वळून त्याच्या गुडघ्यावर घण घातला. गुडघा उलट्या बाजूला वाकला. मी खाली पडले होते आणि त्या दोघांच्या पायांमधून मला काचेपलीकडे ज्युनी दिसत होती. ती दोन्ही हात काचेवर आपटत होती, जोरजोरात, तोंड उघडं, आवाज नाही. पोर्चवर तू ड्वेनला मारत होतास तेव्हा खिडकीवर आपटत होती, अगदी तसेच. त्या टाळ्या नव्हत्या, रॉयस. तेव्हाही नव्हत्या. ती तुला थांब म्हणत होती.

पोलीस जॅनेलने बोलावले, त्यांनी ड्वेनला धरून नेलं. एवढं तिचं मानते. हॉस्पिटलात भेटायला आली, फुलं घेऊन. मी विचारलं, "टॅगर्टबाईंना माझ्या नवऱ्याचं कुणी सांगितलं?" मी पत्रात ते लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मलाच सांगावं लागलं. त्या माझ्या अशील आहेत. त्यांच्यापासून मी काही लपवू शकत नाही." मग म्हणाली, "तुम्हाला वाटलं मी तुमची?" तिला खरंच नवल वाटलं होतं. मला तिचा रागसुद्धा नीट आला नाही.

साखळीतली चौथी बाई ड्वेनच्या आईची शेजारीण, तिने ते त्याच्या आईला सांगितलं. त्या म्हातारीने म्हणे माझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली आणि मग मुलाला फोन केला, की सून मेपल रस्त्यावर घर घेतेय. तिला वाटलं, समेट होईल. पोलीस म्हणाले, तेव्हापासून तो रोज त्या रस्त्यावर गाडी लावून बसायचा.

तुझं सहा एप्रिलचं पत्र मला दोन मेला मिळालं, इथे, याच पलंगावर. हसले. टाके ओढले गेले.

टॅगर्टांनी घर विकायचं रद्द केलं. मी ओडमबाईंना बोलावलं. त्या पलंगाशी बसल्या, कागद पांघरुणावर ठेवला. मी विचारलं, डाव्या हाताची सही चालते का. म्हणाल्या, "तुमची आहे ना? मग चालते."

ट्विला


विलो क्रीक
१९ मे

ट्विल,

तीन बोटं. मी ते शब्द इतक्या वेळा वाचले की कागद घडीवर फाटला.

मला झोप नाही, जेवण नाही. त्याला आता जन्मभरासारखी शिक्षा होईल, आणि काउंटीतली माणसं इथेच पाठवतात. एवढंच म्हणतो. येऊ दे त्याला.

ऑगस्टपर्यंत दम धर. मी आलो की तुझ्या केसालाही कुणी हात लावणार नाही. खोलीचं ओडमबाईंना सांगितलंस का?

रॉयस


विलो क्रीक
८ सप्टेंबर

ट्विल,

मे महिन्यानंतर तुझं एकही पत्र नाही. मी तीन पाठवली. हात दुखत असेल, समजतो.

आनंदाच्या दोन बातम्या आहेत. पहिली, सुनावणीत मी पास झालो. थंडीच्या आत बाहेर.

दुसरी, ड्वेन ऑगस्टच्या शेवटी इथे आला. त्याला बघायला फार वेळ मिळाला नाही. तिसऱ्याच दिवशी स्नानघरात त्याला काहीतरी झालं. किटली कुठून आली, साखर कुठून आली, कुणाला माहीत नाही. त्या वेळी मी जेवणाच्या रांगेत होतो. शंभर जणांनी मला पाहिलं, गार्डनेसुद्धा. उरलेला डोळा गेला. वाचेल म्हणतात, पण कुणीतरी हात धरून नेल्याशिवाय त्याला संडासलाही जाता येणार नाही.

तेव्हा आता लपायचं कारण संपलं. रस्त्याला लागून घर घे, मोठ्या खिडक्यांचं घे, दारावर नाव लाव. तुझ्यासाठी मी दुसरं काय करू शकत होतो इथून? हेच करता आलं. माझी खोली तयार ठेव. ज्युनीसाठी काय आणू ते विचारून कळव.

तुझा भाऊ
रॉयस


ओडम, घर खरेदी
कॅल्डर, ओहायो
२० सप्टेंबर

श्री. रॉयस प्रुइट यांस,

तुमची चारही पत्रं माझ्या ऑफिसात पोचली. तुमच्या बहिणीचं टपाल जूनपासून माझ्याकडे येतं. पाकिटं मी फोडत नाही, तशीच त्यांना नेऊन देते. सगळी त्यांनी वाचली. आठ सप्टेंबरचं त्यांनी मला वाचून दाखवलं.

त्यांनी घर घेतलं. कागद चौदा तारखेला झाले. घर चांगलं आहे, मी स्वतः बारा घरं नाकारल्यावर हे घेऊ दिलं. कुठे आहे ते मी सांगणार नाही. याच राज्यात की बाहेर, तेही नाही. तुम्ही मागितलेली खोली त्या घरात नाही.

आता तुम्हाला राग येईल ते लिहिते. मे महिन्यात हॉस्पिटलात सही झाल्यावर मी विचारलं होतं, पत्ता कुणाला कळता कामा नये, नावं द्या. सगळ्यांनाच विचारते. त्यांनी ड्वेनचं नाव लगेच घेतलं. मी कॉफी आणायला गेले, आले, प्यायले, पेला धुतला. तेव्हा म्हणाल्या, "आणि रॉयस." मी ते पेन्सिलीने लिहिलं, कारण त्या रडत होत्या आणि रडताना सांगितलेलं माणूस कधी कधी परत घेतं. तुमचं सप्टेंबरचं पत्र वाचून झाल्यावर मी विचारलं, नाव खोडू का. त्या म्हणाल्या, शाईने लिहा.

मी बावीस वर्षं कुत्री धरली आहेत. मालकासाठी जीव देणारं कुत्रं आणि घरच्या पोराला चावणारं कुत्रं बरेचदा एकच असायचं. मालक मला पिंजऱ्यापर्यंत सांगत यायचे, की याने आम्हाला वाचवलंय. खोटं बोलत नसायचे.

त्यांची चिठ्ठी सोबत आहे.

हेस्टर ओडम

रॉयस,

मी ड्वेनला भीत होते तेव्हा वाटायचं, रॉयस सुटला की सगळं ठीक होईल. आता ड्वेन आंधळा आहे आणि मी तुला भिते. जे पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाचून मी उठून दाराला कडी घातली.

तुझ्यावर माझी माया आहे. आई गेली तेव्हा तू मला तुझ्या पाठीवर घालून नदीपर्यंत नेलंस, ते मी विसरलेले नाही. पण तू मला वाचवायला येतोस तेव्हा तुझ्या आणि त्या माणसाच्या मधे नेहमी ज्युनी उभी असते. मी तुला मे महिन्यात लिहिलं की त्या टाळ्या नव्हत्या. तू त्यावर एक ओळ लिहिली नाहीस. तू विचारलंस, खोलीचं सांगितलंस का.

ती आता तिच्या स्वतःच्या अंथरुणात झोपते. नव्या घरातल्या तिसऱ्या दिवसापासून. मला ते जपायचंय.

ट्विला


विलो क्रीक
६ ऑक्टोबर

ओडमबाई,

पत्र आणि चिठ्ठी मिळाली. त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. सात टाके पडले. गार्डला वाटलं कुणी मारलं, मी नाही म्हणालो तरी त्याने लिहून घेतलं नाही.

तुम्ही माझ्या बहिणीच्या बाजूच्या आहात म्हणून तुम्हाला एक गोष्ट कळायला हवी. तुमच्या ऑफिसचा पत्ता पाकिटावर होता. मागचा सगळा आठवडा मी ठरवत होतो की सुटल्यावर आधी तुमच्याकडे यायचं आणि ते घर कुठे आहे ते तुमच्याकडून काढून घ्यायचं. तुम्ही सांगणार नाही, हे धरूनच ठरवत होतो. कुठून सुरुवात करायची, तुम्ही किती वेळ टिकाल, सगळं. तुमचं वय मला आडवं आलं नाही. काल दुपारी अंगणात बसलो होतो, एकाएकी माझ्या लक्षात आलं की मी हे ट्विलासाठी करतोय असं स्वतःशी म्हणतोय. मग आत येऊन मी गार्डकडे कागद मागितला.

तिला सांगू नका मी असं लिहिलं. किंवा सांगा. तुम्हीच ठरवा, ते तुमचं काम आहे.

ज्युनीच्या हातांबद्दल मी काही लिहिलं नाही, कारण ते वाचलं आणि पान उलटलं. मी ते खरोखर वाचलं नव्हतं. आता वाचलंय.

पत्ता विचारत नाही. माझी सुटका चौदा नोव्हेंबरला आहे, सकाळी आठ वाजता. इथून कॅल्डरला पहिली बस साडेनऊला सुटते आणि एकला पोचते. मी तिच्यात बसणार नाही असं मला आज वाटतंय, पण त्या दिवशीचं मी आज सांगू शकत नाही. ही तारीख ट्विलाला कळवा. आणि तुम्ही त्या दिवशी ऑफिस उघडू नका.

रॉयस प्रुइट